दुसरं मॅगझिन अर्ध्या पैशात मिळतंय? टेस्टच्या गोळ्या धरून हिशोब करा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मंद्रूपकडच्या एका बागायतदार भाऊंकडं लायसनचं .३२ पिस्तूल आहे, ऑर्डनन्स फॅक्टरीचं. दोन मॅगझिन (काडतुसं भरायच्या डब्या) होती, त्यातलं एक फरशीवर आपटलं आणि तेव्हापासून शेवटची एक-दोन काडतुसं अडकायला लागली. डीलरकडं कंपनीचं मॅगझिन महाग वाटतंय, आणि दुसरा एकजण "सेम टू सेम" माल अर्ध्या पैशात देतो म्हणतोय. घेऊ का, आणि घ्यायची तर किती घेऊ?

अर्ध्या पैशातलं घेऊ नका ओ. आता का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी आर्मीत आर्मोरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो, रिटायर होऊन सोलापुरात आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि आजही ओळखीतले लोक पिस्तूल अडकतंय म्हणून विचारायला येतात तेव्हा माझा पहिला प्रश्न पिस्तुलाबद्दल नसतोच, मॅगझिन कुठलं ते विचारतो. बॅरल, स्लाइड (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग), हॅमर हे सगळं जाड पोलादाचं असतंय, सहजासहजी बिघडत नाही. मॅगझिन म्हणजे पातळ पत्र्याची डबी, आत एक स्प्रिंग, वर फॉलोअर (काडतुसांना वर ढकलणारी पट्टी), खाली बेसप्लेट. खिशात तेच वाजतं, फरशीवर तेच पडतं, धूळ तेच खातं. आणि काडतूस कुठल्या उंचीवर, कुठल्या कोनात, किती जोरानं वर आलं पाहिजे हे सगळं त्या डबीच्याच हातात. आपल्याकडं यंत्रमागाची कामं केलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. माझ्या शेजारी एक जुने जॉबर (माग दुरुस्त करणारे) राहतात, त्यांना मॅगझिन उघडून दाखवलं तर म्हणाले, "हे आमच्या धोट्याच्या पेटीसारखंच की, पेटीत धोटा सैल बसला की माग कितीबी चांगला असू दे, दोरा तोडणारच."

वरच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी पत्रा आत वळवलेला असतो, त्याला लिप्स म्हणतात, आम्ही ओठ म्हणायचो. सगळा खेळ ह्या ओठांचा. स्लाइड मागं जाऊन पुढं येताना वरच्या काडतुसाच्या बुडाला धक्का देते, काडतूस ओठांखालून पुढं सरकतं, रॅम्पवर (नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) चढतं आणि चेंबरमधे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) जातं. ओठ थोडे फाकले की काडतूस लवकर सुटतं, नाक वर करून उभं राहतं. थोडे आत दबले की ते उशिरा सुटतं आणि नाक खाली जाऊन रॅम्पला टेकून बसतं. "थोडे" म्हणजे किती, तर नखाच्या जाडीएवढा फरकही पुरतो.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मॅगझिनचे ओठ वाकलेले दिसले, मी शहाणपणा करून पक्कडीनं सरळ केले, डोळ्याला एकदम बरोबर दिसत होते. रेंजवर पहिले दोन राउंड गेले, तिसऱ्याला अडकलं, काढून बघतो तर मागच्या कोपऱ्यात, जिथं ओठ सुरू होतो तिथं, केसासारखी चीर. तो पत्रा हार्डन केलेला असतो, एकदा वाकला आणि परत वाकवला की तिथंच तडकतो. उस्तादांनी ते मॅगझिन माझ्या समोर टेबलावर ठेवलं आणि दिवसभर तिथंच ठेवायला लावलं. तुमचं जे फरशीवर पडलंय त्याला कुणालाही पक्कड लावू देऊ नका. आधी मागचे दोन्ही कोपरे भिंगाखाली बघा. चीर असेल तर ते मॅगझिन बाद, विषय संपला.

पण तुमचं लक्षण "शेवटची एक-दोन अडकतात" असं आहे, आणि इथं मला ओठांपेक्षा स्प्रिंगचा संशय येतोय. भरलेल्या मॅगझिनमधे स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते, तेव्हा तिचा जोर जास्त. काडतुसं कमी होत जातील तसा जोर उतरत जातो, शेवटच्याला सगळ्यात कमी. म्हणजे म्हातारी झालेली स्प्रिंग पहिल्या पाचला काम करेल आणि शेवटी दगा देईल. उलट पहिलंच काडतूस अडकत असेल तर स्प्रिंग नवी-कडक आहे, नाहीतर ओठ आवळलेत, नाहीतर मॅगझिन ठासून भरलंय. आणि सगळ्याच मॅगझिनमधे कुठंही, कधीही अडकत असेल तर मॅगझिनला शिव्या देऊ नका, तिथं एक्सट्रॅक्टर (रिकामा खोका ओढून काढणारी नखी), रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढं आणणारी) नाहीतर काडतुसं बघायची. झाडलेल्या काडतुसाचा रिकामा खोका स्लाइडमधे उभा अडकतो, चिमणीसारखा, त्याचं कारण बहुतेक वेळा मॅगझिन नसतंच, मनगट ढिलं नाहीतर काडतूस कमजोर.

म्हणून माझा पहिला सल्ला फुकटचा आहे. दोन्ही मॅगझिनच्या बेसप्लेटवर पेंटनं १ आणि २ असे आकडे टाका. बॉडीवर फॅक्टरीचा काही नंबर, शिक्का असेल तर त्याला हात लावू नका, घासू नका. आणि एका वहीत लिहा कुठल्या मॅगझिनला, कितव्या काडतुसाला, काय झालं. दोन वेळा रेंजवर जाऊन आलात की ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

आता फॉलोअर पण बघा. पडलेल्या मॅगझिनमधे बॉडी एका बाजूनं चेपते, डोळ्याला दिसत नाही, पण फॉलोअर तिथं घासतो. पिस्तूल बाजूला ठेवा, मॅगझिन रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या, मग एका लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं फॉलोअर सावकाश तळापर्यंत दाबा आणि सावकाश सोडा. सरळ गेला पाहिजे, सरळ आला पाहिजे. मधे कुठं अडखळला, खर्र आवाज आला, पुढचं नाक खाली झुकलं, तर तिथं एकतर चेप आहे नाहीतर घाण. सोलापूरची धूळ तुम्हाला सांगायला नको, त्यात कुणीतरी मॅगझिनमधे आतून मशीनचं तेल सोडलेलं असतं, मग उन्हाळ्यात आत चिखल होतो. मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं. चिंदीला तेलाचा वास लागेल एवढं पुसायचं आणि दुसऱ्या कोरड्या चिंदीनं परत पुसून काढायचं. तेल काडतुसाच्या प्रायमरमधे (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) झिरपलं तर ऐन वेळी नुसता टक् आवाज येतो.

उघडताना एक काळजी घ्या. बेसप्लेट सरकवली की स्प्रिंग बाहेर उडते, अंगठा दाबून धरायचा आणि डोळ्याला चष्मा लावायचा. आमच्या गच्चीवर बसून एकदा मी बोलत बोलत उघडत होतो, स्प्रिंग जी गेली ती थेट शेजारच्या तुळशीत, काकू आजही विचारतात, "काय ओ, आज काय उडवणार?" आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंगचं वरचं टोक कुठल्या बाजूला होतं ते बसवताना आठवत नाही, उलटी बसली की फॉलोअर नाक खाली घालतो आणि माणूस म्हणतो नवीन स्प्रिंगच खराब.

लोक नेहमी विचारतात, भरून ठेवलं की स्प्रिंग मरते का. चांगल्या तारेची, बरोबर मापाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही, ती थकते सारखं भरून-रिकामं करून, नाहीतर जागा नसताना एक जास्तीचं काडतूस कोंबून. बसतंय म्हणून आठाच्या जागी नववं कोंबू नका. स्प्रिंग बदलायची वेळ आली की नाही ते बघायला जुनी आणि नवी शेजारी शेजारी उभी करा, जुनी दोन-तीन वेढ्यांनी बुटकी झाली असेल तर झालं. तुमच्या केसमधे डीलरला आधी हेच विचारा, की मूळ कंपनीची फक्त स्प्रिंग मिळेल का. मिळाली तर निम्मा प्रश्न तिथंच सुटला, आणि ह्यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आता .३२ चा खास त्रास, जो नऊ एमएमवाल्यांना माहीत नसतो. पिस्तुलाचं .३२ काडतूस, म्हणजे .३२ एसीपी, ७.६५ बाय १७, हे जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन डिझायनरनं १८९९ च्या सुमारास आणलेलं डिझाइन, आणि त्याला सेमी-रिम आहे. म्हणजे बुडाची कडा खोक्याच्या अंगापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. मॅगझिनमधे वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढं असायला पाहिजे. ती मागं गेली की पुढं सरकताना वरचं खालच्याला अडकतं, ह्याला रिमलॉक म्हणतात. मग स्लाइड कितीही ओढा, काडतूस हलत नाही, मॅगझिन बाहेर काढून बारीक लाकडी काडीनं खालची रांग दाबून मोकळं करावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस नीट सरकवून बसवा, आणि बाजूच्या भोकांतून कडा एकाच्या पुढं एक दिसतात का बघा. काडतूस लांबीला आखूड असलं, पोकळ टोकाची बरीच असतात, तर पुढं मोकळी जागा राहते, हलायला वाव मिळतो आणि हा त्रास वाढतो. नकली मॅगझिनमधे हेच होऊ शकतं, आतली लांबी जरा जास्त असली की झालं, बाहेरून "सेम टू सेम".

अजून एक घोळ. .३२ म्हटलं की सगळं .३२ एकच असं समजू नका. ऑर्डनन्सच्या .३२ रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं, ते ७.६५ बाय २३, पूर्ण रिमचं आणि लांब. ते तुमच्या पिस्तुलाच्या मॅगझिनचं नाहीच. एक जण रिव्हॉल्व्हरवाल्या मेव्हण्याकडून पाच काडतुसं घेऊन आला होता, ती मॅगझिनमधे का बसेनात म्हणून बेसप्लेट ठोकत होता. मी हात जोडले. आणि दुसऱ्याच्या लायसनवरची काडतुसं अशी घ्यायचीच नसतात, ते वेगळंच.

तर ते अर्ध्या पैशातलं. पहिली गोष्ट कायद्याची. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमधे शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. त्यामुळं मॅगझिन ही मोबाइलच्या कव्हरसारखी वस्तू नाही. लायसन असलेल्या डीलरकडून, आपलं लायसन दाखवून, पावती घेऊन. जो माणूस पावती देत नाही त्याच्याकडून घेतलेला माल उद्या कुठल्या गावठी कट्ट्याचा निघेल सांगता येत नाही, आणि खुलासा तुम्हाला करावा लागेल. एमआयडीसीत चांगले कारागीर आहेत, पत्रा दिला तर दुपारपर्यंत डबी वळवून देतील, पण विनापरवाना शस्त्र बनवायला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आहेत, जन्मठेपेपर्यंत, आणि सुटे भाग त्याच व्याख्येत. त्या बिचाऱ्याला आणि स्वतःलाही त्यात घालू नका.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. मॅगझिनची किंमत म्हणजे डीलर सांगतो ती नाही. ती किंमत अधिक ते भरवशाचं आहे हे कळेपर्यंत जेवढी काडतुसं खर्च होतात त्यांची किंमत. तुमच्या लायसनवर एका वेळी किती आणि वर्षाला किती ते लिहिलेलंच असेल, काढून बघा. कंपनीचं मॅगझिन साधारण पंचवीस-तीस काडतुसांत पास होतं, त्यातही तीन-चार वेळा पूर्ण भरून आणि काही वेळा फक्त एक-दोन घालून, कारण शेवटच्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. नकली मॅगझिन पंधराव्याला एकदा अडकतं, मग तुम्ही म्हणता काडतूस खराब असेल, परत वीस मारता, परत एकदा अडकतं, मग ओठ जरा वाकवता, परत वीस. वर्षाचा कोटा तिथंच संपला, आणि मॅगझिन अजून तुमच्या मनातून उतरलेलंच. अर्ध्या पैशाचं मॅगझिन असं दुपटीला पडतं. अमेरिकेत काडतुसं दुकानात पोत्यानं मिळतात, तिकडं लोक पाच स्वस्त मॅगझिन घेऊन त्यातली दोन चांगली निवडतात. ते गणित आपल्याकडं लागू नाही.

तिकडंसुद्धा एक गोष्ट आहे, सगळी बाहेरची मॅगझिन वाईट असतात असं नाही. इटलीतली मेक-गार ही कंपनी मॅगझिनच बनवते आणि मोठमोठ्या पिस्तूल कंपन्यांना फॅक्टरीतलं मॅगझिन तीच पुरवते. म्हणजे नाव कुणाचं छापलंय ह्यापेक्षा मूळ पिस्तूल कंपनी कुणाकडून घेते हे बघायचं. तुमच्या इशापूर-काशीपूरच्या पिस्तुलाला तसा तिसरा चांगला बनवणारा मी तरी हाताळलेला नाही, म्हणून तुम्हाला कंपनीचंच.

ज्यांच्याकडं आजोबांची इम्पोर्टेड आहेत त्यांच्यासाठी थोडं. वॉल्थर पीपी असेल तर पीपीचंच बघा, पीपीकेचं मॅगझिन आखूड असतं, पीपी .३२ मधे आठ आणि पीपीकेत सात. फ्रान्सच्या मानुरिननं तेच पिस्तूल लायसनवर बरीच वर्षं बनवलं, त्याचं मॅगझिन बहुतेक वेळा वॉल्थरला चालतं, पण बसवून, चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. वेब्लीचं जुनं असेल तर मूळ मॅगझिन जपा.

दुकानात काय बघायचं. पिस्तूल बरोबर न्या, रिकामं, लायसनसकट, आणि तुमचं चांगलं चालणारं मॅगझिनही न्या. दोन्ही शेजारी धरून वरून बघा, ओठ समांतर आहेत का, मधलं अंतर सारखं दिसतंय का. वर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) असेल तर मापा. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः दोनदा बघून, नळी सुरक्षित दिशेला करून नवीन मॅगझिन लावा, खट् आवाज यायला पाहिजे. मग खालून धरून ओढा आणि वर ढकला. डावी-उजवीकडं किंचित हललं तर चालतं, वर-खाली हलायला नको, कारण खाली बसलं की स्लाइड काडतुसाच्या डोक्यावरून निघून जाते. बटण दाबल्यावर आपोआप पडलं नाही म्हणून लगेच नापास करू नका. आमचं आर्मीतलं नऊ एमएम १ए पिस्तूल, जे ब्राउनिंग हाय-पॉवरचंच रूप, तेरा राउंडचं, त्यात मॅगझिन नसलं तर ट्रिगर चालत नाही अशी सेफ्टी आहे, ती आतून मॅगझिनला दाबून धरते, त्यामुळं ते नीट असूनही सुटून पडत नाही, हातानं ओढावं लागतं. तुमच्या मूळ मॅगझिनसारखं वागतंय का, एवढंच बघायचं.

काडतुसं वाचवायची असतील तर डमी राउंड (बारूद नसलेली नकली काडतुसं) घ्या, डीलरकडूनच, घरी जिवंत काडतूस उघडून डमी बनवायचा उद्योग करू नका. डमी भरून स्लाइड पूर्ण मागं ओढून एकदम सोडायची. हातानं धरून हळूहळू पुढं आणली तर चांगलं मॅगझिनही अडकेल. दहा वेळा पूर्ण मॅगझिन असं फिरवा, जिवंत काडतूस त्या खोलीत नसताना. इथं नापास झालं तर दुकानात परत, एक गोळीही खर्च झाली नाही. इथं पास झालं तरच रेंज. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर नाहीतर कुठंही जाताना लायसनवर एरिया काय लिहिलाय ते आधी वाचा, महाराष्ट्र की नुसता जिल्हा.

किती घ्यायची? एक. चालू असलेलं एक, नवीन एक, आणि पडलेल्याला नवी स्प्रिंग टाकून ते पास झालं तर ते फक्त रेंजवर सरावाला. घरी तुम्ही ज्यावर भरवसा ठेवणार ती दोन वेगळी, सरावाची वेगळी. पाच-सहा घेऊन कपाटात ठेवणारे बघितलेत मी, चामड्याच्या कव्हरमधे ठेवतात, चामडं ओल धरतं, दोन पावसाळ्यांनी काढलं की ओठांवर गंज.

एक शेवटचं, जे दुकानदार सांगणार नाही. इलेक्शन आलं की आचारसंहितेत बऱ्याच जणांना शस्त्र जमा करायला सांगतात, २०२४ मधे मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, एका वर्षात दोनदा झालं आपल्याकडं. जमा करताना पावतीवर पिस्तुलाचा नंबर असतोच, पण "मॅगझिन २ नग, रिकामी" हे स्वतः सांगून लिहून घ्या. माझ्या एका ओळखीच्या माणसाला पिस्तूल परत मिळालं तेव्हा एकच मॅगझिन होतं, पावतीवर आकडाच नव्हता, कुणाला काय बोलणार. तो पण नंतर माझ्याकडं हाच प्रश्न घेऊन आला होता, स्वस्तात कुठं मिळेल म्हणून.